नानांची दहा मिनिटं

काळदुर्गाच्या चढावर, अर्ध्या वाटेत, करवंदीच्या जाळीत अडकलेली ओढणी सोडवत माझ्या मेहुणीने विचारलं, "नाना, अजून किती?"

नानांनी वर पाहिलं नाही, खाली पाहिलं नाही. घड्याळ पाहायचा प्रश्नच नव्हता, ते घालत नाहीत. म्हणाले, "दहा मिनिटं."

पाऊण तासापूर्वी वाघोबाच्या देवळाशी हाच प्रश्न झाला होता, तेव्हाही दहाच मिनिटं होती. त्यानंतर आम्ही झाडीतून बाहेर पडून कातळावर आलो, तेव्हाही दहाच. शेवटी माथ्यावरच्या त्या चौकोनी कातळावर पोचून, टाक्याशी बसून, धाप कमी झाल्यावर तिने हळूच विचारलं, "आणि उतरायला?" नाना भाकरी मोडत होते. "उतरायला काय, दहा मिनिटं."

मेहुणी नाशिकची. ह्या गोष्टीला चार वर्षं झाली, पण अजून तिचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो, "झाली का नानांची दहा मिनिटं?"

चिंचणीत आता ह्या मापाचे दोन प्रकार रूढ झाले आहेत. वाणगावला जायची रिक्षा "दहा मिनिटांत भरते" असं कुणी म्हणालं, की आळीतली पोरं विचारतात, "घड्याळातली की नानांची?" घड्याळातली असतील तर उभं राहायचं. नानांची असतील तर घरी जाऊन जेवून यायचं.

असा एकजण प्रत्येक गावात असतो. तो कुठल्याही संस्थेचा अध्यक्ष नसतो, त्याच्याकडे पावतीपुस्तक नसतं. त्याने कुणाला 'चला' म्हटलं, की चार माणसं आपापला रविवार मोडून त्याच्यामागे का चालू लागतात, हे त्या चौघांना सांगता येत नाही. परत आल्यावर पायाला तेल चोळताना 'पुन्हा जाणार नाही' असं ती म्हणतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जातात. मी त्या चौघांतला. अकरा वर्षं जातोय.

खरी गंमत म्हणजे नाना डायमेकर आहेत. चिंचणी, तारापूर, वरोर, वाढवण ह्या आमच्या पट्ट्यात घराघरांत डायचं काम चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची, ती उलटी. मग त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की दागिन्यावर पान, फूल, मोर जे असेल ते सुलटं उठतं. पानाची एक शीर इकडची तिकडे झाली तर अख्खा ठोकळा फुकट. नाना पन्नास वर्षं खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून हे करत आले. 'केसभर' हा त्यांच्या तोंडचा रोजचा शब्द. "केसभर सरकलंय", "केसभर खोल गेलं", "केसभर राहू दे." आठवडाभर केसाच्या मापात जगणारा हा माणूस रविवारी डोंगरात शिरला की म्हणतो, "तो समोरचा डोंगर आहे ना, त्याच्या जरा मागे." ह्या 'जरा'त एक नदी, दोन पाडे आणि एक शेताचा बांध येतो.

मी एकदा विचारलंही, "नाना, डायवर केसभर चूक चालत नाही, आणि इथे दोन-दोन तास कसे चुकतात?" तर म्हणाले, "डाय माझी आहे. डोंगर माझा आहे का?" ह्यावर काय बोलणार?

काळवेळाचं त्यांना अगदीच वावडं आहे असंही नाही. फक्त त्यांचं घड्याळ वर्षांवर चालतं, मिनिटांवर चालत नाही. तारापूरचा किल्ला आमच्या खाडीपलीकडे, पूल ओलांडला की आलाच. आत आता वाडी आहे. त्या तटाखाली उभं राहून नाना सांगतात, "1739. जानेवारीची 24 तारीख. चिमाजी अप्पा स्वतः इथे. सुरुंग लावले, तट उडाला, मराठे आत घुसले आणि त्या गर्दीत बाजी भिवराव रेठरेकर पडला." सांगताना बोट तटाच्या एका ठरावीक दगडाकडे. अशा वेळी वाटतं, तिथेच कुठेतरी त्यांची डाय ठेवलेली असावी. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचा दिवस ह्या माणसाला तारखेनिशी माहीत. आपण बोईसरला किती वाजता पोचू ते मात्र माहीत नाही.

दुसरं त्यांचं आवडतं प्रकरण चिंचणीच्या ताम्रपटांचं. बाहेरच्या माणसाला चिंचणी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, समुद्र आणि शेजारची अणुभट्टी. नानांना ह्याचा राग येतो. "अरे, 1969 सालची भट्टी तुम्हाला ठाऊक आणि 926 सालचा ताम्रपट ठाऊक नाही?" मग तो ताम्रपट सुरू. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र, शके 848. संजाणच्या मुलखावर नेमलेला सुभेदार एक अरब, नाव मुहम्मद, पण लेखात त्याचं झालंय 'मधुमती'. ह्या मधुमतीने नदीवर फुकटची नाव ठेवली आणि संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे, तेही फुकट. एवढं सांगून नाना माझ्या डब्यात डोकावतात. "तू काय आणलंस? पोहे? हजार वर्षांपूर्वी लोक तूप वाढत होते, तू पोहे आणतोस."

आता त्यांच्या निघण्याचा विधी. आदल्या रात्री साडेआठला फोन येतो. "झोपलास का?" साडेआठला कोण झोपतं? पण 'नाही' म्हटलं की "झोप मग" आणि फोन बंद. पहाटे साडेचारला ते फाटकावर काठीने तीनदा ठोकतात. चौथ्यांदा ठोकत नाहीत, चालू लागतात. दहा मिनिटांचा सगळा सैलपणा निघाल्यानंतरचा. निघण्याची वेळ मात्र केसभर सरकत नाही. अणुभट्टीत पाळी असणारा आमच्यातला एकजण एकदा तीन मिनिटं उशिरा आला, तर आम्ही त्याला वाणगाव स्टेशनवर भेटलो, आणि तेही तो स्कूटरवरून आमच्या आधी पोचला म्हणून.

खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत एक दोरी, टॉर्च, हळदीची पुडी, जुन्या धोतराचे फाडलेले पट्टे (हे बँडेज), तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, कांदे, आणि घोलवडच्या चिकूच्या सुकवलेल्या चकत्या. जवळा उघडला की आमच्यातले शाकाहारी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसतात, त्यांच्यासाठी ह्या चकत्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालंय, हेही त्या चकतीबरोबर गिळावं लागतं. शेवटी पिशवीच्या तळाशी तीन रिकाम्या गोण्या. त्या येताना भरून आणायच्या असतात. त्यांत काय भरायचं ते पुढे येईल.

निघताना नाना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "पाणी किती?" एक लीटर म्हटलं की ते न बोलता आपल्या पिशवीतली एक बाटली काढून त्याच्या हातात देतात. ही बाटली घेणं हा आमच्यात अपमान समजला जातो.

नानांच्या तोंडी चार-पाच वाक्यं कायमची बसली आहेत. पहिलं, "लोणावळ्याला काय आहे?" ह्याचं उत्तर त्यांना नको असतं. दुसरं, "हवा स्वच्छ असती तर." तांदुळवाडीच्या माथ्यावरून सूर्या आणि वैतरणा जिथे भेटतात ती जागा दिसते, आणि ती खरोखरच दिसते, काठीने दाखवावी लागत नाही. पण नाना तेवढ्यावर थांबत नाहीत. पश्चिमेच्या पांढुरक्या धुरकटाकडे काठी करून म्हणतात, "तो समुद्र. ते केळवं. तो शिरगावचा किल्ला. हवा स्वच्छ असती तर चिंचणीसुद्धा दिसली असती." आम्ही सगळे डोळे बारीक करून धुरकटाकडे बघतो. कुणीतरी एखादा हळवा जीव "हो हो, दिसतंय" म्हणतो. अकरा वर्षांत हवा एकदा स्वच्छ निघाली, ऑक्टोबरात, पाऊस नुकताच गेलेला. त्या दिवशी समुद्र खरंच दिसला. नाना गप्प बसले. बराच वेळ. दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिसरं वाक्य, "वाट चुकलेली नाही, वाट बदलली आहे." हे कोहोजवर ऐकलं. कोहोजच्या माथ्यावर वाऱ्याने झिजून माणसाच्या आकाराचे सुळके झालेत, ते लांबून दिसतात, म्हणजे चुकायला काही वाव नाही. तरी आम्ही ढोरवाटेला लागलो आणि कारवीत घुसलो. कारवी माणसापेक्षा उंच, पुढचा दिसत नाही, मागच्याच्या शिव्या तेवढ्या ऐकू येतात. नाना कमरेचा कोयता काढून पुढे. आकडीला अडकवलेला कोयता हा आमच्याकडे वाडीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला असतो. पण नानांचा कोयता मुख्यत्वे कांदा चिरायला वापरला जातो. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा कोयत्याचं काम केलं. पाऊण तासाने आम्ही जिथून घुसलो होतो तिथेच बाहेर आलो. "बघ," नाना म्हणाले, "आता नीट वाट कळली."

आणि 'दहा मिनिटं'. ह्या शब्दाचा उगम मला अशेरीच्या वाटेवर सापडला. अशेरी म्हणजे मेंढवण खिंडीजवळचा, अहमदाबाद हायवेवरून दिसणारा गड. पायथ्याला खोडकोना. पाड्यातल्या एका वारली आजाला नानांनी विचारलं, "बाबा, वर जायला किती वेळ?" आजा म्हणाला, "आत्ता जाशील. दहा मिनिटं." तेवढ्यात त्याची सून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आमच्या समोरून चढाला लागली, अनवाणी, पोर काखेत. आम्ही पाहिलं, ती दिसेनाशी झाली, आणि ती परत उतरताना आम्हाला भेटली तेव्हा आम्ही पहिल्या वळणावर होतो. त्या बाईला ती वाट दहा मिनिटांचीच असणार. नाना पन्नास वर्षं पाड्यापाड्यांतून वाट विचारत फिरले आणि पाड्यांचं माप त्यांनी जसंच्या तसं उचललं. पाय मात्र चिंचणीचे राहिले, भिंगासमोर मांडी घालून बसणाऱ्याचे.

त्यांचं वर्षसुद्धा डोंगरावर मोजलं जातं. जूनच्या पहिल्या पावसानंतर शेवळं. ही जमिनीतून वर येणारी सुरळीसारखी रानभाजी, नीट साफ केली नाही आणि बरोबर काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो. नाना दरवर्षी आणतात, काकी दरवर्षी साफ करतात, आणि शेजारी कुणाचातरी घसा दरवर्षी खाजतो. जुलै-ऑगस्टात जव्हार. वाटेत गंजाड आलं की गाडीचा वेग कमी करायचा, कारण इथे जिव्या सोमा मशे राहत, वारली चित्रांना जगभर नेणारे, 2011 चे पद्मश्री. जव्हारला राजवाडा, मग शिर्पामाळ, जिथे सुरतेच्या स्वारीला निघालेल्या शिवाजी महाराजांचं जव्हारच्या विक्रमशहाने स्वागत केलं, ते 1664. मग दाभोसा.

दाभोशाला लेंडी नदी तीनशे फुटांवरून कोसळते. आवाज आधी छातीत ऐकू येतो, मग कानात. इथे नाना वेगळेच होतात. चेष्टा बंद, गोष्टी बंद. ते कड्यापासून वीस पावलांवर एक दगड निवडतात, त्यावर बसतात आणि काठी आडवी धरतात. त्या काठीपुढे कुणी जायचं नाही. पावसाळ्यात डोहात उतरणं तर बोलायलाच नको. एकदा मुंबईची सात-आठ पोरं आली, मोबाईल काठीला लावलेले, शर्ट काढायला सुरुवात. नाना उठले. पोरं त्यांच्या नात्यागोत्यातलीही नव्हती. म्हणाले, "पोरांनो, वर कुठे पाऊस झाला तर इथे कळत नाही. पाणी विचारून वाढत नाही." एक पोरगा म्हणाला, "काका, दहाच मिनिटं."

नानांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पडलेला पाहिला. पण काठी हलली नाही. पोरं कुरकुरत वरूनच फोटो काढून गेली. परतीच्या वाटेवर जव्हारपर्यंत नाना एक शब्द बोलले नाहीत. काळमांडवीच्या धबधब्याला गर्दी व्हायला लागल्यापासून ते तिथे पावसाळ्यात आम्हाला नेतच नाहीत. "डिसेंबरात जाऊ, कातळ बघू. कातळ पाण्याहून चांगला."

मग हिवाळ्यात बोर्डीकडे, बारडाच्या डोंगरातल्या बाहरोट लेण्यांना. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी इथे बारा वर्षं लपवून जपला. तोच आज उदवाड्याला आहे. लेण्यांत आम्ही जरा टेकलो आणि कुणीतरी "निघूया का" म्हणालं, तर नाना म्हणाले, "त्यांनी बारा वर्षं काढली, तुम्हाला बारा मिनिटं बसवत नाही?" बारा मिनिटं! इतका बारीक आकडा त्यांच्या तोंडून ह्याआधी वा ह्यानंतर आलेला नाही.

चैत्रात विवळवेढ्याची महालक्ष्मी. हनुमान जयंतीपासून पंधरा दिवस यात्रा, आणि मध्यरात्री वाघाडीचा पुजारी ध्वज घेऊन डोंगराच्या सुळक्याकडे चढतो, ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याकडून आलेला. खाली हजारो माणसं मान वर करून अंधारात बघत उभी. देवीचं मूळ ठाणं वर डोंगरात. मग देऊळ खाली कसं? तर दर्शनाला निघालेली एक गरोदर बाई चढावर थकून पडली, म्हणून देवीच खाली उतरून आली, अशी कथा. नाना ही कथा दरवर्षी सांगतात. काकी यात्रेला बरोबर असतात, त्यांनी एका वर्षी सगळ्यांसमोर म्हटलं, "देवीला कळलं सगळ्यांना चढवत नाही ते. तुम्हाला कधी कळायचं?"

काकींचं असं अधूनमधूनच एखादं वाक्य असतं. रविवारी संध्याकाळी नाना परत आले की त्या दारातच बादली ठेवतात, पाय धुवायला. मग त्या तीन गोण्या अंगणात उपड्या होतात. चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, एकदा एक अख्खी छत्री. वाघोबा खिंडीत माकडं पाकिटं हिसकावतात आणि रिकामी करून टाकून देतात, ती गोळा करताना नाना माकडांना रागावत नाहीत. "त्याला काय कळतं? त्याला कुणी दिलं ते विचार." एका वर्षी त्याच खिंडीत माकडाने नानांचीच जवळ्याची पुडी पळवली. सगळं कुटुंब जमून वास घेऊन गेलं. कुणी खाल्लं नाही. हा अपमान त्यांना अजून सलतो.

वाढवणला मात्र ते गोणी घेऊन जात नाहीत. तिथला खडकाळ किनारा, ओहोटीला उघडे पडणारे कातळ, खळग्यांत राहिलेल्या पाण्यात फिरणारे खेकडे आणि छोटे मासे. तिथे होणाऱ्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली, आणि विरोधाच्या मोर्च्यात मच्छीमारांबरोबर डायमेकरही होते, नानाही. हल्ली ते तिथे जाऊन नुसते बसतात. दाखवत काही नाहीत. आम्हीही विचारत नाही.

गेल्या डिसेंबरात नानांचा गुडघा बसला. डॉक्टरांनी चढ बंद सांगितला. नानांनी विचारलं, "उतार?" डॉक्टर म्हणाले, "चढल्याशिवाय उतार कुठून येणार?" ह्या उत्तराचं नानांना फार कौतुक वाटलं, पण ऐकायचं काही त्यांच्या मनात दिसेना. शेवटी काकींनी काठी लपवून ठेवली.

जानेवारीत अशेरी ठरली. नाना म्हणाले, मी खोडकोन्यापर्यंत येतो. आले. पहाटे साडेचारला फाटकावर तीन टकटका, ह्या वेळी छत्रीच्या दांड्याने. पाड्यात आजा आता नाही, त्याच्या अंगणात आंब्याखाली खाट होती. नाना तीवर बसले आणि आम्हाला सूचना सुरू झाल्या. शिडीवर एका वेळी एकच. शिडीच्या वरचा कातळ सकाळी दवाने ओला असतो. टाक्यात पाय घालायचा नाही, लोक पितात. गुहेत देवी आहे, चपला बाहेर. आणि वर पोर्तुगीजांचं राजचिन्ह कोरलेला तो मोठा दगड पडलाय, मुकुटाचा, तो बघून या. सगळं झालं. मी बुटाची नाडी बांधत होतो.

"किती वेळ लावाल रे?" नानांनी विचारलं.

अकरा वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती, उत्तर नेहमी त्यांच्याकडे असे. माझ्या तोंडून निघून गेलं, "दहा मिनिटं, नाना."

कुणी हसलं नाही. ते खाटेवर सरकून बसले आणि "जा मग," म्हणाले.

वर पोचल्यावर फोनला रेंज मिळाली. मी म्हटलं, पोचलो. त्यांनी विचारलं, हवा कशी आहे? धुरकट, मी म्हटलं. "मुकुट सापडला का?" सापडला. "कोरलेली बाजू वर आहे ना? मागे कुणीतरी ढकलला होता, कडेला माती लागली होती." मी गुडघ्यावर बसून पाहिलं. कोरलेली बाजू वर होती. "डाव्या कडेचा कंगोरा फुटलेला आहे तो आणखी फुटलाय का?" मी बघितलं, बोट लावून बघितलं. मला आधीचा फुटका किती होता तेच आठवेना. इतकी वर्षं ह्या दगडाशेजारी बसून मी चकत्या खाल्ल्या होत्या. "नाही नाना," मी म्हटलं, "तेवढाच आहे."

"केसभरही नाही?"

"केसभरही नाही."

उतरून खोडकोन्यात यायला अडीच वाजले. नानांनी तोवर पाड्यातल्या पोरांना हाताशी धरून हायवेपर्यंतच्या वाटेवरच्या कचऱ्याने तिन्ही गोण्या भरल्या होत्या, आणि आज्याच्या नातीला कोयत्याच्या टोकाने फळीवर मोर कोरून दाखवला होता, उलटा, डायला असतो तसा. पोरगी तो आरशात धरून सुलटा करून बघत होती. भाकऱ्या पानात गुंडाळून ठेवलेल्या. आम्ही खाटेभोवती बसलो. नानांनी आम्हाला उशिराबद्दल काही विचारलं नाही. फक्त प्रत्येकाच्या बाटलीकडे बघितलं, कुणाचं पाणी संपलंय, कुणाचं उरलंय.

तेव्हापासून असंच चाललंय. आम्ही वर, ते पायथ्याला. पायथ्याला बसून ते आता आमच्याआधी आलेल्या परक्या ग्रुपांनाही सूचना देतात, पाणी मोजतात, गोण्या धरायला लावतात. परवा कुणा ठाण्याच्या मंडळींनी त्यांना विचारलं म्हणे, "काका, वर जायला किती वेळ?" काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

ह्या रविवारी तांदुळवाडी. पहाटे साडेचार, चिंचणी. यायचं असेल तर दोन लीटर पाणी आणा, आणि त्यांना वेळ विचारू नका.